वाचकांचे प्रश्न : आफ्रिकेतल्या दहशतवादाशी कोण लढतं आणि कुणाच्या पैशावर?

आफ्रिकेतल्या दहशतवादविरोधी मोहिमांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रं एकत्र केली आहेत.

प्रश्न : आफ्रिकी संघाची फौज २००७ पासून सोमालियात आहे. मोहिमेचं नाव दोनदा बदललं, पण अल-शबाब हा दहशतवादी गट तिथंच आहे. असं का?

मार्च २००७ मध्ये युगांडाचे पहिले सैनिक मोगादिशूत उतरले तेव्हा मोहिमेचं नाव ‘ॲमिसॉम’ होतं. एप्रिल २०२२ मध्ये ती ‘ॲटमिस’ झाली आणि जानेवारी २०२५ पासून ‘ऑसॉम’. या फौजेनं काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. ऑगस्ट २०११ मध्ये अल-शबाबला मोगादिशू सोडावं लागलं, पुढच्याच वर्षी किसमायो बंदर त्यांच्या हातून गेलं. शहरं सुटली, शहरांना जोडणारे रस्ते मात्र सुटले नाहीत. सगळं दुखणं तिथंच आहे.

कागदावर ही एक फौज. प्रत्यक्षात दक्षिण आणि मध्य सोमालियाचे विभाग पाडून ते देशांना वाटून दिले गेले : मोगादिशू आणि आसपास युगांडा, केनियाच्या सीमेलगत केनिया, पश्चिमेला इथिओपिया, हिरान भागात जिबूती, मधल्या शबेले खोऱ्यात बुरुंडी. वर एक सरसेनापती असतो. पण तुकडी हलवायची वेळ आली की विभागाचा कमांडर आधी आपल्या राजधानीला विचारतो. मंजूर संख्याबळ सर्वांत जास्त होतं तेव्हाही ते २२,१२६ होतं आणि ते अफाट मुलखात लहान लहान तळांवर विखुरलेलं होतं.

अशा तळावरचा हल्ला ठरलेल्या क्रमानं होतो. पहाटेच्या सुमारास स्फोटकांनी भरलेली गाडी फाटकावर किंवा बांधावर आदळते. त्यातून खिंडार पडलं की पाठोपाठ शेकडो बंदूकधारी आत शिरतात. २०१५ मध्ये लेगो आणि जनाले, जानेवारी २०१६ मध्ये एल-आद्दे, मे २०२३ मध्ये बुलो मरेर. बुलो मरेरला ५४ सैनिक गेले, ही संख्या युगांडाच्या राष्ट्राध्यक्षांनीच जाहीर केली. कुमक वेळेवर पोहोचत नाही, कारण रस्त्यात सुरुंग पेरलेले असतात, शेजारचा तळ कधी दुसऱ्याच देशाचा असतो आणि हवाई मदत तोकडी पडते. सुरक्षा परिषदेनं २०१२ मध्ये १२ हेलिकॉप्टरं मंजूर केली, पण ती आणायची होती फौजा देणाऱ्या देशांनीच. त्याच ऑगस्टमध्ये सोमालियाकडे निघालेल्या युगांडाच्या चार हेलिकॉप्टरांपैकी तीन माउंट केनियावर कोसळली. मंजूर झालेला पूर्ण ताफा त्यानंतरही वर्षानुवर्षं उभा राहिला नाही.

यावर उपाय आहेत. तळ कमी पण मोठे ठेवायचे, फाटकाच्या बऱ्याच आधीपासून वळणावळणाचे अडथळे लावायचे, बांधासमोरची झुडपं छाटून माऱ्याची जागा मोकळी ठेवायची आणि तळाबाहेर फिरती राखीव तुकडी ठेवायची. मात्र तळ कमी केले की मोकळ्या झालेल्या गावांत सोमाली पोलीस आणि न्यायाधीश तातडीनं पोहोचावे लागतात. ते पोहोचले नाहीत तर जमिनीचे तंटे सोडवायला लोक पुन्हा अल-शबाबच्या न्यायालयात जातात.

प्रश्न : या सैनिकांचा पगार कोण देतं? हा खर्च संयुक्त राष्ट्रं का उचलत नाहीत?

हा प्रश्न सर्वाधिक पत्रांत आला आहे आणि तो कळीचाही आहे, म्हणून थोडं सविस्तर.

सैनिकाचा मूळ पगार त्याचा देशच देतो. त्यावरचा मोहीम-भत्ता अनेक वर्षं युरोपीय संघानं दिला : माणशी दरमहा १,०२८ डॉलर. हा पैसा ब्रसेल्सहून आदिस अबाबाला आफ्रिकी संघाकडे जायचा, तिथून त्या त्या सरकारकडे. सरकार त्यातले साधारण २०० डॉलर कापून घ्यायचं आणि उरलेले सैनिकाला मिळायचे. या साखळीतली एक कडी अडली की चार-सहा महिन्यांची थकबाकी साचते. बुरुंडीचं उदाहरण बोलकं आहे. देशांतर्गत राजकीय दडपशाहीमुळे युरोपीय संघाला बुरुंडी सरकारच्या हाती पैसा द्यायचा नव्हता. बुरुंडीनं फौज मागे घेण्याची धमकी दिली. २०१७ च्या सुरुवातीला व्यापारी बँकेमार्फत पैसे देण्याचा तोडगा निघेपर्यंत खंदकातला सैनिक भत्त्याविना राहिला. त्याआधी, जानेवारी २०१६ पासून, युरोपीय संघानं एकूण भत्त्यात २० टक्के कपात केलीच होती. तुलनेसाठी सांगायचं तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक पाठवणाऱ्या देशाला जुलै २०१८ पासून माणशी दरमहा १,४२८ डॉलर भरपाई मिळू लागली. जास्त धोक्याच्या कामाला कमी पैसे, असा हा उफराटा हिशेब होता.

संयुक्त राष्ट्रं काहीच देत नाहीत असं मात्र नाही. २००९ पासून शिधा, पाणी, इंधन, तंबू आणि जखमींना हलवण्याची सोय ती सदस्य देशांच्या बंधनकारक वर्गणीतून करतात. भत्ता आणि दारूगोळा त्यात येत नाही. त्यांच्या मदतीला एक अटही आहे : ज्या तुकडीकडून मानवी हक्कांची गंभीर पायमल्ली होण्याचा ठोस धोका दिसतो, तिला मदत थांबवावी लागते. ही अट अनेक सेनापतींना जाचक वाटते. आमच्या मते ती योग्य आहे, कारण पुढे येणारी आकडेवारी तेच सांगते.

२१ डिसेंबर २०२३ रोजी सुरक्षा परिषदेनं ठराव २७१९ मंजूर केला. आफ्रिकी संघाच्या मोहिमांचा ७५ टक्क्यांपर्यंत खर्च बंधनकारक वर्गणीतून देता येईल, पण प्रत्येक मोहिमेचा निर्णय स्वतंत्रपणे होईल, असं त्यात ठरलं. त्याचा पहिला लाभ ‘ऑसॉम’ला मिळेल अशी अपेक्षा होती. सोमालियाला हे सूत्र लावायला अमेरिकेनं विरोध केला आणि नवी मोहीम जुनी थकबाकी डोक्यावर घेऊनच सुरू झाली.

आफ्रिकेच्या स्वतःच्या वाट्याचं काय? जुलै २०१६ मध्ये किगाली इथं ठरलं की प्रत्येक देशानं ठरावीक आयातीवर ०.२ टक्के अधिभार लावून आफ्रिकी संघाचा खर्च भागवायचा. संघाच्या शांतता निधीचं उद्दिष्ट ४० कोटी डॉलरचं होतं. अनेक देशांत हा अधिभार आजही लागू नाही. जो स्वतःच्या खिशात हात घालत नाही, त्याला दुसऱ्याच्या अटी मानाव्या लागतात.

प्रश्न : इंटरपोलची रेड नोटीस निघाली की कुठल्याही देशात अटक होते ना?

नाही. ती हव्या असलेल्या माणसाला शोधून ताब्यात घेण्याची इतर देशांना केलेली विनंती असते. अटक करायची की नाही हे त्या देशाचा कायदा ठरवतो. आफ्रिकेतली खरी अडचण वेगळीच आहे. इंटरपोलची माहिती बहुधा राजधानीतल्या कार्यालयात येते आणि सीमेवरच्या चौकीत वीजही नसते. शिपायापुढे उभ्या असलेल्या माणसाचं नाव यादीत आहे का, हे त्याला तिथल्या तिथे तपासता येत नाही. पश्चिम आफ्रिकेत युरोपीय संघाच्या पैशातून पोलिसांच्या कागदी नोंदवह्या संगणकावर चढवण्याचं काम झालं. ते दिसायला किरकोळ आहे. आमच्या लेखी ते चिलखती गाड्यांइतकंच मोलाचं आहे.

प्रश्न : नायजेरियातून पसरलेल्या बोको हराम या दहशतवादी गटाचा पाठलाग करताना एका देशाचे सैनिक दुसऱ्या देशात शिरू शकतात का?

चाड सरोवराभोवती शिरू शकतात, पण मोकळेपणानं नाही. नायजेरिया, नायजर, चाड, कॅमेरून आणि बेनिन यांच्या संयुक्त फौजेला आफ्रिकी संघानं जानेवारी २०१५ मध्ये मान्यता दिली. मुख्यालय चाडची राजधानी एंजामेना इथं. सेनापती नायजेरियाचा, उपसेनापती कॅमेरूनचा, प्रमुख स्टाफ अधिकारी चाडचा, अशी वाटणी. प्रत्येक देशाची तुकडी मुख्यतः आपल्याच हद्दीत लढते, तिचा खर्चही तोच देश करतो आणि हद्द ओलांडायची तर आधी कळवून, ठरवून. म्हणजे ही सोमालियासारखी परमुलखात जाऊन बसलेली फौज नव्हे.

याचा फायदा असा की सैनिकाला मुलूख आणि भाषा ठाऊक असते. तोटा असा की एकानं जोर लावला की बंडखोर सरोवरातल्या बेटांवरून, दलदलीतून शेजाऱ्याच्या बाजूला सरकतात. दोन्हीकडून एकाच वेळी दाबलं नाही तर हाती काही लागत नाही. आणि ‘एकाच वेळी’ हेच अवघड : निम्मे अधिकारी फ्रेंच बोलणारे, निम्मे इंग्रजी, कुणाकडे विमानं, कुणाकडे नुसत्या जीपगाड्या. मार्च २०२० मध्ये चाड सरोवराकाठच्या बोमा इथं बोको हरामच्या हल्ल्यात चाडचे जवळपास शंभर सैनिक मारले गेले. चाडनं स्वबळावर मोठी मोहीम काढली आणि शेजारी मागे राहिले म्हणून, यापुढे आपल्या हद्दीबाहेर लढणार नाही असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष इद्रिस देबी यांनी सुनावलं. मार्च २०२५ मध्ये नायजर या फौजेतून बाहेर पडलं. सरोवराची एक बाजूच उघडी पडली.

तरी इथली एक गोष्ट इतरांनी उचलावी अशी आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये सरोवराच्या चारही किनारी देशांनी (बेनिन सोडून) बाधित प्रदेशासाठी एकच पुनर्उभारणी आराखडा मान्य केला. त्यात राज्यं आणि प्रांत मिळून आठ प्रदेश आहेत. बाजार उघडणं, पोलीस ठाणं बांधणं, शरण आलेल्यांचं काय करायचं हे ठरवणं, अशी कामं लष्करी कारवाईच्या जोडीनं त्यात लिहिलेली आहेत. संयुक्त आराखडा असल्यानं देणगीदारांना चार दारं ठोठवावी लागत नाहीत.

प्रश्न : साहेलमधून, म्हणजे सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातून, फ्रान्स गेलं, संयुक्त राष्ट्रं गेली, अमेरिका गेली. आता तिथं सहकार्य उरलंय का?

फार थोडं. क्रम पाहा. २०१४ मध्ये मॉरिटानिया, माली, बुर्किना फासो, नायजर आणि चाड यांनी ‘जी-५ साहेल’ गट केला. २०१७ मध्ये पाच हजारांची संयुक्त फौज ठरली. पुढच्याच वर्षी, जूनमध्ये, मालीतल्या सेवारे इथल्या तिच्या मुख्यालयावरच हल्ला झाला. मग लष्करी बंडं : माली २०२० आणि २०२१, बुर्किना फासो २०२२ मध्ये दोनदा, नायजर जुलै २०२३. माली २०२२ मध्ये गटातून बाहेर पडली, बुर्किना फासो आणि नायजर डिसेंबर २०२३ मध्ये, आणि गट मोडला. फ्रान्सची साहेलमधली ‘बारखान’ ही लष्करी मोहीम नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली. मालीतली शांतिसेना तिथल्या राजवटीनं निघून जायला सांगितल्यावर २०२३ अखेर परतली. दहा वर्षांत तिचे ३०० हून जास्त लोक मृत्युमुखी पडले होते. नायजरमधल्या आगादेझचा तळ अमेरिकेनं २०२४ मध्ये रिकामा केला.

तिन्ही लष्करी राजवटींनी सप्टेंबर २०२३ मध्ये आपली आघाडी केली आणि जानेवारी २०२५ मध्ये त्या पश्चिम आफ्रिकी देशांच्या ‘इकोवास’ संघटनेतून बाहेर पडल्या. मालीनं रशियन भाडोत्री सैनिक आणले. मार्च २०२२ मध्ये मूरा गावात माली सैन्य आणि परदेशी सैनिकांनी किमान ५०० जणांना मारल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या तपासात आढळलं. अशा गावात पुढची भरती कोण करतं, हे वेगळं सांगायला नको.

फ्रान्सच्या चुकाही झाकू नयेत. दहा वर्षं सारा भर म्होरक्यांना टिपण्यावर राहिला. गावात सरकार आणण्याचं काम ज्यांच्यावर सोपवलं त्यांची ना कुवत होती, ना इच्छा. लोकांचा संताप खरा होता आणि बंडखोर अधिकाऱ्यांनी तो वापरला.

फाटाफुटीची किंमत आज बेनिन मोजतंय. एप्रिल २०२५ मध्ये बुर्किना फासो आणि नायजरला लागून असलेल्या भागात एका हल्ल्यात त्याचे ५४ सैनिक गेले. हल्लेखोर सीमा ओलांडून येतात आणि पलीकडे निघून जातात. पलीकडच्या अधिकाऱ्याला फोन करायची सोय उरलेली नाही. घाना, टोगो, बेनिन, आयव्हरी कोस्ट आणि बुर्किना फासो यांनी २०१७ मध्ये गुप्तवार्तांच्या देवाणघेवाणीसाठी ‘अक्रा पुढाकार’ सुरू केला होता. राजकीय भांडण बाजूला ठेवून सीमेवरच्या दोन कमांडरांना थेट बोलू देण्यापुरता जरी तो जगवला, तरी जीव वाचतील.

प्रश्न : पैशाच्या नाड्या आवळल्या तर हे गट आपोआप संपतील का?

नाही, कारण बहुतेक पैसा बँकेतून जातच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अंदाजानुसार अल-शबाबचं उत्पन्न वर्षाला सुमारे १० कोटी डॉलर आहे आणि त्यातला मोठा भाग त्याच्या वसुली नाक्यांवर गोळा होतो. मालाचा ट्रक नाक्यावर थांबतो, मालाप्रमाणे ठरलेली रक्कम भरतो, चालकाला पावती मिळते. पुढच्या नाक्यावर ती दाखवली की पुन्हा पैसे द्यावे लागत नाहीत. सरकारी आणि टोळ्यांच्या नाक्यांवर मात्र दर वेळी नव्यानं हात ओले करावे लागतात. व्यापारी कुठला रस्ता धरेल? या वसुलीवर उतारा म्हणजे सरकारचा एकच कर, एकच पावती आणि सुरक्षित रस्ता. बँकेतली खाती गोठवून हे होणार नाही.

२०१२ मध्ये सुरक्षा परिषदेनं सोमाली कोळशाच्या आयातीवर बंदी घातली, कारण आखातात जाणाऱ्या कोळशावर अल-शबाब पोसला जात होता. बंदीनंतरही किसमायोहून जहाजं सुटत राहिली. पुढे तो मार्ग आक्रसला, तेव्हा गटानं इतर मालावरची वसुली वाढवली.

घिसाडघाई उलटते हेही लक्षात घ्यावं. केनियातल्या गॅरिसा विद्यापीठात अल-शबाबच्या हल्ल्यात १४८ जणांची हत्या झाल्यावर एप्रिल २०१५ मध्ये केनियानं सोमालियात पैसे पाठवणाऱ्या १३ कंपन्यांचे परवाने रोखले. परदेशी कमावत्यांच्या पैशावर जगणारी कुटुंबं अडचणीत आली आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. मदतसंस्थांचंही असंच होत होतं. डिसेंबर २०२२ च्या ठराव २६६४ नं अन्न-औषधांच्या मदतीला निर्बंधांतून सूट दिली, तेव्हा कुठे बँकांची भीती थोडी कमी झाली.

प्रश्न : तरुण या गटांत का जातात? धर्मामुळे की गरिबीमुळे?

संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमानं आठ आफ्रिकी देशांत सुमारे २,२०० जणांच्या मुलाखती घेऊन २०२३ मध्ये अहवाल काढला. स्वेच्छेनं सामील झालेल्यांपैकी २५ टक्क्यांनी रोजगाराची संधी हे मुख्य कारण सांगितलं, १७ टक्क्यांनी धर्म. जवळपास निम्म्यांनी एखादी विशिष्ट घटना निर्णायक ठरल्याचं सांगितलं. त्यांच्यातल्या ७१ टक्क्यांच्या बाबतीत ती घटना मानवी हक्कांच्या पायमल्लीची होती, बहुधा सरकारी दलांकडून. भावाला उचलून नेलं, बापाला मारलं, अशा. संयुक्त राष्ट्रांच्या मदतीवरची ती मानवी हक्कांची अट इथं कामी येते. जाच होतो तिथं भरती होते.

प्रश्न : एवढे लोक पकडले जातात, मग शिक्षा इतक्या कमी का?

पकडणारा सैनिक असतो आणि खटला चालवणारा वकील. दोघांमध्ये पुरावा हरवतो. नायजेरियानं ऑक्टोबर २०१७ मध्ये काइंजीच्या लष्करी तळावर सामूहिक खटले सुरू केले. पहिल्या फेरीत ५७५ जण न्यायालयापुढे आले. शिक्षा झाली ४५ जणांना, ४६८ जणांना पुनर्वसन कार्यक्रमाच्या आदेशासह सोडलं गेलं. त्यातले अनेक जण तोवर कित्येक वर्षं कोठडीत होते.

समजा छाप्यात एक मोबाइल सापडला. तो न्यायालयात टिकायचा तर काय करावं लागतं, ते पाहा. उचलण्याआधी जागेवरच फोटो घ्यायचा. ठिकाण, वेळ आणि कुणाच्या अंगावर सापडला हे लिहायचं. फोन बंद असेल तर चालू करायचा नाही. चालू असेल तर लगेच नेटवर्क तोडायचं, नाहीतर दुरून माहिती पुसली जाऊ शकते. त्यासाठी सिग्नल रोखणारी पिशवी लागते, नसेल तर ॲल्युमिनियम फॉइलचे तीन-चार थर गुंडाळतात. सिमकार्ड जागेवर काढायचं नाही. प्रत्येक वस्तूला वेगळी पिशवी, वेगळा क्रमांक, सील आणि सही. पुढे ज्याच्या ज्याच्या हातात ती जाईल त्याचं नाव आणि वेळ एकाच कागदावर चढत राहिली पाहिजे. प्रयोगशाळेत आधी फोनची हुबेहूब प्रत काढायची आणि तपास प्रतीवर करायचा, मूळ फोनवर नाही.

प्रत्यक्षात घडतं असं, की दहा फोन एका पोत्यात टाकले जातात आणि तळावर पोहोचेपर्यंत कुठला कुणाचा ते कुणालाच सांगता येत नाही. कधी एखादा अधिकारी उत्सुकतेपोटी फोन उघडून पाहतो. तेवढ्यावर बचाव पक्षाचा वकील पुरावा उडवून लावतो.

दुसरी अडचण परदेशी मदतीतूनच येते. मित्रदेशाची गुप्तचर संस्था नाव आणि पत्ता देते, पण ‘न्यायालयात वापरू नये’ या अटीवर. म्हणून माहिती मिळाल्याच्या दिवशीच स्थानिक पोलिसांनी स्वतंत्र पुरावा जमवायला लागलं पाहिजे आणि त्या देशाकडे कायदेशीर सहकार्याचं रीतसर पत्र धाडलं पाहिजे. उत्तराला वर्षही लागू शकतं. ‘जी-५’च्या फौजेत प्रत्येक तुकडीबरोबर पोलीस तपासनीस ठेवायची कल्पना याचसाठी होती आणि ती फार चांगली होती. फौजच राहिली नाही. देणगीदार देशांनी पुढचं पाकीट उघडताना आधी अशा तपासनिसांना तयार करण्याचा विचार करावा.

प्रश्न : शरण आलेल्यांना सोडून देणं म्हणजे बळींवर अन्याय नाही का?

सरसकट सोडलं तर आहेच. म्हणूनच छाननी महत्त्वाची. नायजेरियानं २०१६ मध्ये गोम्बे राज्यात पुनर्वसन शिबिर सुरू केलं, नायजरनं गुदुमारियात. पद्धत साधारण अशी : आलेल्या माणसाची नोंद, बोटांचे ठसे, चौकशी; गंभीर गुन्ह्याचा संशय असेल तर खटला; स्वयंपाकी, हमाल, जबरदस्तीनं नेलेले यांना शिबिर; तिथं समुपदेशन, धार्मिक चर्चा, शिवणकाम किंवा सुतारकीसारखा धंदा; मग गावी परत.

घोळ होतो तो शेवटच्या टप्प्यावर. शिबिरातल्या माणसाला शिवणयंत्र मिळतं आणि ज्याचं घर त्यानं जाळलं त्याला काहीच मिळत नाही. गावाला आधी विचारलेलंही नसतं. परतलेल्याला हाकलून दिलं की त्याला ओळखीची एकच जागा उरते. म्हणून गावच्या प्रमुखांशी आणि बळींच्या कुटुंबांशी बोलणी माणूस शिबिरात असतानाच सुरू व्हावीत, मदतीची रक्कम गावाच्या विहिरीवर, शाळेवरही खर्च व्हावी आणि परतल्यानंतर निदान वर्षभर कुणीतरी महिन्याला जाऊन भेट घ्यावी. स्त्रियांसाठीची सोय तर अजून फारच अपुरी आहे. त्यातल्या कित्येकजणी अपहरण होऊन गेल्या होत्या, तरी गाव त्यांना बंडखोराची बायको म्हणूनच ओळखतं आणि त्यांच्या मुलांकडे जन्माचा दाखलाही नसतो. दाखला नाही तर शाळेत प्रवेश नाही. निदान हे काम तरी कुठल्याही आंतरराष्ट्रीय कराराची वाट न पाहता जिल्हा कचेरीत उद्या सुरू करता येईल.